बल आणि गती: एसटी, लोकल, घाट आणि विहिरीवरचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नववी-दहावीला विज्ञान शिकवताना मुलं जे विचारतात, आणि मुलांपेक्षा जास्त त्यांचे आईवडील, शेजारी, एकदोन रिक्षावाले जे विचारतात, ते इथे एकत्र केलंय. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. एकच गोष्ट दोनदा सांगायची वेळ आली तिथे दुसऱ्या प्रश्नाकडे बोट दाखवलंय. आकडे समजण्यापुरते गोळाबेरीज केलेले आहेत.

१. बल म्हणजे नक्की काय? जोर, ताकद, शक्ती, दाब हे सगळं एकच ना?

बोलण्यात एकच, भौतिकशास्त्रात नाही. बल म्हणजे ढकलणं किंवा ओढणं. त्यामुळे वस्तूचा वेग बदलतो, दिशा बदलते, नाहीतर आकार बदलतो. दाब म्हणजे ते बल किती जागेवर पसरलंय याचा हिशेब, आणि शक्ती म्हणजे काम किती झपाट्याने होतंय ते. बल न्यूटनमध्ये मोजतात. १०० ग्रॅमचा मध्यम कांदा तळहातावर ठेवलात की हाताला जाणवतं ते साधारण १ न्यूटन.

एक सवय लावून घ्या. कुठेही 'बल' शब्द आला की विचारा, कोण कुणाला ढकलतंय? ढकलणारा सापडला नाही तर बहुधा तिथे बल नाहीच. पुढचे निम्मे प्रश्न या एका सवयीने सुटतात.

२. वस्तू हलती ठेवायची तर बल लावत राहावंच लागतं ना? पॅडल मारणं थांबवलं की सायकल थांबतेच की.

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. यात लाजण्यासारखं काही नाही, अॅरिस्टॉटलपासून जवळजवळ दोन हजार वर्षं शहाण्या माणसांचं हेच मत होतं.

सायकल थांबते ती पॅडल थांबल्यामुळे नाही. टायर आणि रस्ता, बेअरिंग, समोरची हवा, हे सगळे तिला मागे ओढत असतात म्हणून थांबते. तुमचं पॅडल मारणं म्हणजे या सगळ्यांची भरपाई. कॅरम काढा. बोर्डावर पावडर न टाकता सोंगटीला टिचकी मारा, ती मध्यावरच दम टाकेल. आता बोरिक पावडर भुरभुरवून तेवढीच टिचकी मारा, सोंगटी समोरच्या कडेवर आपटून परत येईल. टिचकी तीच, फक्त अडवणारा कमी झाला. अडवणारा अजिबात नसता तर सोंगटी चालतच राहिली असती. इथवरचा विचार गॅलिलिओने केला आणि न्यूटनने १६८७ साली तो पहिला नियम म्हणून मांडला.

म्हणजे बल लागतं ते गती टिकवायला नाही, गती बदलायला. सरळ रुळावर ताशी १०० किमीच्या एकसारख्या वेगाने धावणाऱ्या गाडीवरची सगळी बलं मिळून शून्य असतात. इंजिन जेवढं पुढे ओढतं तेवढंच हवा आणि रूळ मागे ओढतात. हे पटायला वेळ लागतो. मलाही लागला होता.

३. चाल, वेग आणि त्वरण यांत फरक काय?

चाल म्हणजे किती भरभर. वेग म्हणजे किती भरभर आणि कुठल्या दिशेने. त्वरण म्हणजे तो वेग किती झपाट्याने बदलतोय. ब्रेक मारणं हेही त्वरण (उलट दिशेचं), आणि चाल तीच ठेवून नुसतं वळणं हेही त्वरणच. हा शेवटचा मुद्दा प्रश्न १७ साठी लक्षात ठेवा. ताशी किमीचे सेकंदाला मीटर करायचे असतील तर ३.६ ने भागा. ताशी ३६ किमी म्हणजे सेकंदाला १० मीटर.

४. एसटीने करकचून ब्रेक मारला की आपण पुढे फेकले जातो. आपल्याला पुढे ढकलतं कोण?

कोणीच नाही. बस ताशी ५० ने चाललेली असते तेव्हा तुम्हीही ताशी ५० नेच चाललेले असता, नुसते सीटवर बसलेले असलात तरी. ब्रेक बसला लागतो, तुम्हाला नाही. बस मंदावते, तुमचे पाय फरशीच्या घर्षणामुळे तिच्याबरोबर मंदावतात, पण धड आपल्या आधीच्या वेगाने जात राहतं आणि समोरच्या दांड्यावर नाक आपटतं. म्हणजे तुम्ही पुढे गेला नाहीत, बस मागे राहिली. हेच जडत्व.

कुऱ्हाडीचं पातं सैल झालं की दांड्याचं खालचं टोक दगडावर आपटतात. दांडा थांबतो, जड पातं खाली येत राहतं आणि घट्ट बसतं. गोधडी झटकली की कापड मागे येतं आणि धूळ होती तिथेच राहते. चिंचेची फांदी गदागदा हलवणाऱ्यालाही हा नियम ठाऊक असतो, फक्त त्याचं नाव माहीत नसतं.

५. चालत्या लोकलमधून उतरणारे गाडीच्या दिशेने पळतात. उलट्या दिशेने उडी मारली तर वेग कमी होणार नाही का?

आधी स्पष्ट सांगतो: गाडी थांबेपर्यंत उतरू नका. पुढचं उत्तर समजून घेण्यासाठी आहे, करून बघण्यासाठी नाही.

गाडी ताशी १८ किमीने चाललीय असं धरू, म्हणजे सेकंदाला ५ मीटर. प्लॅटफॉर्मवर पाय टेकताक्षणी पाय थांबतो आणि धड ५ मीटरनेच पुढे जातं (प्रश्न ४). धडाखाली पाय आणत राहायचे तर त्याच दिशेने पळावं लागतं. उलट उडी मारून वेग थोडा कमी होतो हा हिशेब खोटा नाही. पण जो उरतो तो तुमच्या पाठीच्या दिशेने असतो, आणि माणसाला उलटं पळता येत नाही. डोकं मागच्या मागे आपटतं आणि शेजारी गाडी आणि फलाटामधली फट असते. सेकंदाला ५ मीटर ऐकायला किरकोळ वाटतं, पण चपला घालून आणि पिशवी सांभाळून त्या वेगाने पहिलंच पाऊल टाकायचंय हे विसरू नका.

६. वस्तुमान आणि वजन वेगळं कसं? काट्यावर तर दोन्ही किलोतच दिसतं.

वस्तुमान म्हणजे तुमच्यात पदार्थ किती आहे, तो जागेनुसार बदलत नाही. वजन म्हणजे पृथ्वी तुम्हाला किती ओढते ते बल. ६० किलो वस्तुमानाच्या माणसाचं वजन ६० × ९.८, म्हणजे ५८८ न्यूटन. काटा मोजतो बल, आणि आपल्या सोयीसाठी ९.८ ने भागून किलो दाखवतो.

खरं-खोटं करायचं असेल तर वजनकाटा लिफ्टमध्ये घेऊन जा. (वॉचमनला आधी सांगून ठेवा, मला खुलासा द्यावा लागला होता.) लिफ्ट वर जायला सुरुवात करताना त्वरण सेकंदाला १ मीटर प्रतिसेकंद असेल तर ६० किलोचा माणूस क्षणभर ६६ किलोचा दिसतो. मग लिफ्ट एकसारख्या वेगाने वर जात असताना बरोबर ६०. थांबताना ५४. वर जाताना वजन वाढतं असं नाही, वेग बदलतो तेवढ्याच वेळापुरता काट्यावरचा आकडा बदलतो.

७. जड वस्तू लवकर पडते हे तर डोळ्यांनी दिसतं. नारळ धप्पकन पडतो, पान तरंगत येतं.

पानाला हवा अडवते. नारळालाही अडवते, पण त्याच्या वजनापुढे ती अडवणूक नगण्य असते. हवा काढून टाकली तर दोघं बरोबर पडतात. १९७१ साली अपोलो १५ मोहिमेत डेव्हिड स्कॉटने चंद्रावर हातोडा आणि पीस एकाच वेळी सोडले होते. तिथे हवा नाही, दोन्ही एकदम टेकले.

याचं कारण असं. नारळ दुप्पट जड असेल तर पृथ्वी त्याला दुप्पट ओढते, पण त्याला हलवायलाही दुप्पट बल लागतं. हिशेब फिटतो. घरी करून बघायचं तर वहीवर वहीपेक्षा लहान कागदाचा कपटा ठेवा आणि वही आडवी सोडा. कपटा वहीला चिकटल्यासारखा बरोबर खाली येईल, कारण त्याच्यासाठी हवा बाजूला सारायचं काम वही करते.

आणि माडाखाली गाडी लावू नका. १५ मीटरवरून सुटलेला नारळ पावणेदोन सेकंदांत खाली येतो आणि त्या वेळी त्याचा वेग ताशी ६० किमीच्या आसपास असतो.

८. बैल गाडीला जेवढ्या जोराने ओढतो तेवढ्याच जोराने गाडी बैलाला मागे ओढते म्हणता. मग गाडी पुढे जाते कशी?

प्रश्न विचारणाऱ्याला शाबासकी, कारण न्यूटनचा तिसरा नियम (प्रत्येक बलाला तेवढंच, उलट दिशेचं बल) पाठ करणाऱ्यांना हा सुचत नाही.

गोची 'वजाबाकी'त आहे. दोन बलं एकाच वस्तूवर असतील तरच ती एकमेकांना मारतात. बैल ओढतो ते बल गाडीवर आहे. गाडी ओढते ते बल बैलावर आहे. एकाच्या खात्यात जमा आणि दुसऱ्याच्या खात्यात खर्च, आणि आपण दोन्ही एकाच वहीत मांडून शून्य काढतो.

वह्या वेगळ्या करू. गाडीच्या वहीत पुढे ओढणारा बैल, मागे ओढणारं चाकांचं आणि जमिनीचं घर्षण. बैलाचं ओढणं जास्त झालं की गाडी निघाली. बैलाच्या वहीत मागे ओढणारी गाडी, आणि पुढे ढकलणारी जमीन. बैल खूर रोवून जमिनीला मागे रेटतो, तिसऱ्या नियमाने जमीन बैलाला पुढे रेटते. जमिनीचा रेटा गाडीच्या ओढीपेक्षा जास्त असेपर्यंत बैल पुढे जातो. म्हणजे सगळी गाडी शेवटी जमिनीच्या जोरावर चालते.

पटत नसेल तर पावसाळ्यात बघा. चिखलात बैलाची ताकद तेवढीच असते, पण खूर घसरतो, जमीन रेटा देत नाही आणि गाडी हलत नाही. अशा वेळी जाणती माणसं गाडीच्या मागे न लागता चाकाच्या वरच्या आऱ्यांना खांदा देतात. चाक जिथे जमिनीला टेकतं तिथून वरचं टोक आसापेक्षा दुप्पट लांब असतं. त्यामुळे तिथे लावलेला जोर आसावर लावलेल्या जोराच्या दुप्पट कामी येतो.

९. मग रस्सीखेचीत दोन्ही संघांवर दोराची ओढ सारखीच असते का?

दोर हलका असेल तर हो, सारखीच. हार-जीत हातात नाही, पायात ठरते. ज्यांच्या पायांना जमीन जास्त घट्ट धरते ते जिंकतात. म्हणून जड गडी, मागे झुकणं आणि टाच रोवणं. बाकी प्रश्न ८ प्रमाणेच.

१०. कप्पीवरून पाणी शेंदताना घागर हलकी वाटते. वजन तर तेवढंच ना?

एका स्थिर कप्पीने बल कमी होत नाही. उलट कप्पीच्या घर्षणापायी थोडं जास्तच लागतं. कमी होतो तो त्रास. काठावर वाकून वर ओढायला पाठ आणि दंड वापरावे लागतात. कप्पीमुळे खाली ओढायचं असतं, आणि त्यात तुमचं स्वतःचं वजन फुकट कामाला येतं.

हीच युक्ती मोटेत होती. विहिरीच्या कडेला बैलांसाठी उतरती वाट असायची, तिला धाव म्हणत. भरलेली मोट वर येताना बैल उताराने खाली जात, म्हणजे त्यांचं वजन मोट ओढायला मदत करी. चढ चढायचा तो मोट रिकामी होऊन आत जाताना. ज्यांनी हे पहिल्यांदा बांधलं त्यांनी त्रिकोणमिती शिकलेली असण्याची गरज नव्हती.

११. कपाट सरकवताना पहिला धक्का जड जातो, मग सोपं का होतं?

स्थिर असलेल्या दोन पृष्ठभागांमधलं घर्षण हे घसरत असलेल्यांमधल्या घर्षणापेक्षा सहसा जास्त असतं. एकदा हललं की थांबू नका, थांबलात तर परत पहिला धक्का. ड्रॉवर रिकामे केले तर घर्षण कमी होतं, कारण घर्षण वजनाच्या प्रमाणात असतं. पायाखाली ओलं पोतं घातलं की फरशीवर आणखी सोपं. हाच फरक प्रश्न १४ मध्ये जीव वाचवतो.

१२. ताशी ६० ने चाललेली गाडी किती अंतरात थांबते?

कोरडा डांबरी रस्ता आणि चांगले टायर असतील तर साधारण ३७ मीटर. त्यातले १७ मीटर तुम्हाला दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच संपतात (एक सेकंद धरलाय, हातात मोबाइल असेल तर जास्त धरा). उरलेले २० खऱ्या ब्रेकचे.

महत्त्वाचं पुढे आहे. वेग दुप्पट झाला की ब्रेकचं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं. ताशी ४० ला ९ मीटर, ८० ला ३६. 'थोडंसंच जास्त होतं हो' म्हणणाऱ्यांचा घात इथे होतो. ओल्या रस्त्यावर पकड बरीच घटते, मग ६० चे एकूण ३७ मीटर ५० च्या पुढे जातात. पहिल्या पावसात तर महिनोन्‌महिने साचलेलं तेल आणि धूळ यांचा राप होतो. त्या दिवशी संध्याकाळी कुठल्याही चौकात घसरलेल्या स्कूटर मोजाव्यात.

१३. भरलेला ट्रक रिकाम्यापेक्षा उशिरा थांबतो ना? मग थांबण्याच्या अंतराच्या सूत्रात वस्तुमान का येत नाही?

सूत्र बरोबर आहे. ट्रक दुप्पट जड झाला की त्याला थांबवायला दुप्पट बल लागतं, पण दुप्पट वजनामुळे टायर-रस्त्याचं घर्षणही दुप्पट मिळतं. प्रश्न ७ मधल्या नारळासारखाच हिशेब फिटतो.

पण सूत्र धरून चालतं की ब्रेकमध्ये ते घर्षण पूर्ण वापरण्याइतका दम आहे. क्षमतेपेक्षा जास्त लादलेल्या ट्रकचे ब्रेक तेवढा जोर देऊच शकत नाहीत आणि लवकर तापतात. म्हणून व्यवहारात तो उशिरा थांबतो. कागदावरचं उत्तर आणि हायवेवरचं उत्तर इथे वेगळं आहे, परीक्षेत पहिलं लिहा आणि रस्त्यावर दुसरं पाळा.

१४. दुचाकीचा पुढचा ब्रेक मारू नये, माणूस उलटतो असं वडील सांगतात. खरं का?

अर्धं खरं. ब्रेक मारला की गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो (प्रश्न ४ मधलं धड आठवा). पुढच्या टायरची पकड वाढते, मागच्याची कमी होते. म्हणजे जास्त थांबवण्याची ताकद पुढच्याच चाकात असते. नुसता मागचा ब्रेक दाबणारा उशिरा थांबतो, आणि मागचं चाक हलकं झालेलं असल्याने ते लॉक होऊन शेपूट फिरवतं.

चाक लॉक झालं की ते फिरायच्या ऐवजी घासायला लागतं आणि प्रश्न ११ मधलं कमीवालं घर्षण मिळतं. शिवाय दिशा हातात राहत नाही. एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) हेच टाळतं. चाक लॉक होतंय असं दिसलं की क्षणभर सोडतं, परत धरतं. भारतात एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या दुचाकींना एबीएस आणि त्याखालच्यांना निदान दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय सक्तीची झाली.

वडिलांचं खरं कुठे? वाळू, शेण, ओला पांढरा पट्टा आणि वळण. तिथे पुढचा ब्रेक खसकन मारला की गेलात. कोरड्या सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक एकत्र वापरा, आणि पुढचा हळूहळू दाब वाढवत. आणि सुट्या खडीवर एबीएस असूनही अंतर वाढू शकतं, तेवढा अपवाद डोक्यात ठेवा.

१५. घाट उतरताना गाडी न्यूट्रलला टाकली तर पेट्रोल वाचतं म्हणतात.

वाचत नाही आणि जीव धोक्यात जातो. आजच्या गाड्या गिअरमध्ये, पाय ॲक्सिलरेटरवरून काढून उतरत असल्या की इंजिनात पेट्रोल जवळजवळ सोडतच नाहीत. न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला मात्र पेट्रोल लागतं.

आता ब्रेककडे बघा. माणसांसकट १,२०० किलोची गाडी ५०० मीटर उंचीवरून खाली आली तर तिची स्थितिज ऊर्जा कुठेतरी जायला हवी. न्यूट्रलला ती जवळजवळ सगळी ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. किती? २० लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीला येईल इतकी. ती चार चाकांच्या मुठीएवढ्या पॅडमध्ये. तापलेले पॅड घसरायला लागतात, जास्त तापलं तर ब्रेकच्या तेलात बुडबुडे होतात आणि पेडल थेट फरशीला टेकतं. ज्या गिअरने घाट चढाल त्याच गिअरने उतरा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम याच हिशेबाचा आहे. इंजिन बंद करून उतरणं त्याहून वाईट. दोनतीनदा दाबल्यावर ब्रेकची मदत संपते आणि पेडल दगडासारखं होतं.

१६. कर्जतला रेल्वेला मागून इंजिन लावतात. पुढेच का लावत नाहीत?

कर्जत ते लोणावळा (आणि कसारा ते इगतपुरीही) रुळाचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर गेलं की १ मीटर वर. माणसाला हा चढ जाणवणारही नाही. पण गाडी १,००० टनांची धरली तर गुरुत्वाकर्षण तिला २७ टनांच्या वजनाइतक्या बलाने सतत मागे ओढत असतं. सगळी इंजिनं पुढे लावली तर हा सगळा ताण पहिल्या डब्याच्या कपलिंगवर येईल. मागून ढकललं की ताण वाटला जातो, आणि मध्ये कुठे कपलिंग सुटलंच तर मागचे डबे उताराला लागायच्या आत त्यांना धरायला कोणीतरी असतं. कर्जत-लोणावळ्याचा घाट १८६३ साली रेल्वेसाठी खुला झाला, तेव्हापासून चढ तोच आहे आणि न्यूटनही तोच.

१७. वळणावर आपल्याला बाहेर फेकणारं अपकेंद्री बल खरं असतं का?

रस्त्याकडेच्या टपरीवर उभं राहून बघाल तर नाही. बस डावीकडे वळते, तुमचं शरीर सरळ जाऊ पाहतं, आणि म्हणून तुम्ही उजवीकडच्या माणसाच्या अंगावर जाता. कोण ढकलतंय विचारलं तर कोणीच सापडत नाही. खरं बल उलट आतल्या बाजूला आहे. रस्ता टायरला आत ढकलतो, सीट आणि तो बिचारा शेजारी तुम्हाला आत ढकलतात. ते अभिकेंद्री बल. बसमध्ये बसूनच गणित करायचं ठरवलं तर मात्र एक आभासी बल बाहेरच्या दिशेने मानावं लागतं, त्याचं नाव अपकेंद्री. सोयीसाठी मानायला हरकत नाही.

२० मीटर त्रिज्येचं घाटातलं वळण घ्या. ताशी ३० ने वळलात तर टायरला गाडीच्या वजनाच्या साधारण ३५ टक्के बल आत लावावं लागतं. ४० ने वळलात तर ६३ टक्के. कोरड्या रस्त्यावर जमेल, धुक्यात भिजलेल्या रस्त्यावर नाही. नुसता १० चा फरक, पण मागणी जवळजवळ दुप्पट.

जत्रेतल्या मौत का कुआँतला मोटारसायकलवाला पडत का नाही, तेही इथेच आलं. भिंत त्याला सतत आत ढकलते, त्या ढकलण्यामुळे टायर आणि फळ्यांमध्ये घर्षण तयार होतं, आणि ते घर्षण त्याचं वजन तोलतं. विहीर ५ मीटर त्रिज्येची आणि पकड चांगली धरली तर ताशी २८ किमीच्या खाली आला की तो घसरणार. म्हणून तो सुरुवातीला तळाच्या उतरत्या फळ्यांवर गोल गोल फिरून वेग घेतो आणि मगच भिंतीवर चढतो.

१८. लहान मुलाला पुढच्या सीटवर मांडीत घट्ट धरलं तर चालेल ना?

नाही. ताशी ५० ने जाणारी गाडी धडकून अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर १० किलोच्या मुलाला धरून ठेवायला सुमारे २०० किलो उचलण्याइतका जोर लागतो. तो कुठल्याही आईबापाच्या हातात नसतो. तुम्ही स्वतः पट्टा लावला नसेल तर मूल तुमच्या आणि डॅशबोर्डच्या मध्ये सापडतं. ताशी ५० ची धडक म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून, १० मीटरवरून पडणं. गच्चीच्या कठड्यावर मूल मांडीत घेऊन कोणी बसत नाही. मागची सीट आणि मुलांची खास खुर्ची, हेच उत्तर.

पट्टा वाचवतो तो थांबण्याचा वेळ आणि अंतर वाढवून. झेल घेताना हात मागे नेतात तेच तत्त्व. पाठ्यपुस्तकात आहे, पुन्हा लिहीत नाही.

१९. डोक्यावर हंडा घेऊन बाई दोन किलोमीटर चालली, आणि पुस्तक म्हणतं हंड्यावर केलेलं कार्य शून्य. ही काय थट्टा?

शब्दाची थट्टा आहे, तिची नाही. भौतिकशास्त्रातलं कार्य म्हणजे बल गुणिले त्या बलाच्या दिशेने झालेलं विस्थापन. हंड्यावरचं बल वरच्या दिशेला, चालणं आडवं, म्हणून सपाट वाटेवर त्या हंड्याच्या खात्यात ऊर्जा जमा होत नाही. तिच्या खात्यातून मात्र भरपूर खर्च होते. मान आणि पाठीचे स्नायू ताठ ठेवायला ऊर्जा सतत जळते, पावलागणिक अंग वरखाली होतं. स्टुलावर हंडा ठेवला तर स्टूल दमत नाही, माणूस दमतो. विहिरीच्या पायऱ्या चढताना मात्र पुस्तकाच्या हिशेबानेही कार्य होतं. १५ किलोचा हंडा ३ मीटर वर नेला की ४४१ ज्यूल, आणि स्वतःचं शरीर वर नेलं ते वेगळंच.

२०. अंतराळ स्थानकात गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून तरंगतात ना?

असतं. ४०० किमी उंचीवर ते जमिनीवरच्या सुमारे ९० टक्के असतं. स्थानक आणि माणसं दोन्ही बरोबरच पडत असतात, फक्त आडव्या वेगामुळे पृथ्वीला चुकवत. दोर तुटलेल्या लिफ्टमध्ये काटा शून्य दाखवेल, तसंच (प्रश्न ६).

२१. बसमध्ये उडणारा डास मागच्या काचेवर का आपटत नाही? आणि पृथ्वी फिरते तर हेलिकॉप्टर हवेत थांबवून दुसऱ्या गावी उतरता येईल का?

दोन्हीचं उत्तर एक आहे. बंद बसमधली हवा बसबरोबरच चाललेली असते आणि डास त्या हवेत उडतो. उघड्या टेम्पोत तो मागे राहतो. मुंबईच्या अक्षांशावर जमीन पृथ्वीच्या फिरण्यामुळे ताशी सुमारे १,५८० किमीने पूर्वेकडे जात असते, पण हवा आणि हेलिकॉप्टरही तेवढ्याच वेगाने जात असतात. उड्डाण केल्याने तो वेग पुसला जात नाही. जुहूवरून वर गेलं की वारा सोडला तर जुहूवरच उतरायचं.

२२. ब्रेक मारल्यावर सगळं पुढे जातं म्हणता. पण कारमधला गॅसचा फुगा मागे का आला?

या पानावरचा माझा आवडता प्रश्न. जत्रेतून फुगा घेऊन परतणाऱ्या एका मुलीने विचारला होता, आणि मला लगेच उत्तर आलं नव्हतं.

फुगाही जडत्वाने पुढेच जाऊ पाहतो. पण गाडीत आणखी एक गोष्ट पुढे जाऊ पाहते, हवा. त्याच आकाराची हवा हेलियमच्या फुग्यापेक्षा जड असते. ब्रेक लागला की हवा पुढे सरते, समोरच्या काचेशी दाब किंचित वाढतो आणि मागे किंचित कमी होतो. जड हवेने पुढची जागा घेतल्यावर हलका फुगा मागे रेटला जातो. जमिनीवर हाच फुगा वर जातो तेही याच कारणाने. तिथे जड हवा खाली जाते आणि तो वर. म्हणून वळणावर सगळे बाहेर झुकतात आणि फुगा आत झुकतो. काचा उघड्या असतील तर मात्र वारा सगळं बिघडवतो.

फुगा नसला तर पाण्याची बाटली चालते. बाटली जवळजवळ काठोकाठ भरा, हरभऱ्याएवढा बुडबुडा राहू द्या, आणि एसटीत मांडीवर आडवी धरा, झाकण ड्रायव्हरच्या दिशेला. गाडी निघाली की बुडबुडा झाकणाकडे पळेल, ब्रेक लागला की तुमच्या पोटाकडे येईल, आणि सरळ रस्त्यावर एकसारख्या वेगाने गाडी चालली असेल तेव्हा, ताशी कितीही असो, मधेच निवांत उभा राहील. झाकण घट्ट लावा.